दस्तगीरचाचा आणि तातोबाची मोटर

दस्तगीरचाचांनी पहिल्याच भेटीत मला त्यांच्याच घराविषयी सावध केलं. मी कोरेगावहून वडिलांबरोबर आले होते, आताच्या पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात विज्ञानाची शिक्षिका म्हणून रुजू व्हायला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गावात एकट्या बाईला भाड्यानं मिळण्यासारखी एकच खोली होती, मोटर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरींना नवी तार बांधून द्यायच्या दुकानावरची. दुकानदार, म्हणजे चाचाच, खाली मांडी घालून बसले होते. पुढ्यात उघडून ठेवलेली पंपाची मोटर, मांडीवर तांब्याच्या तारेचं भेंडोळं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, मग वडिलांना बाजूला नेऊन विचारलं की मुलीचं पूर्ण नाव काय. तिथून माझ्याकडे आले आणि विचारलं की वडिलांचं पूर्ण नाव काय. दोन्ही जुळल्यावरच त्यांनी किल्ली काढली.

"पायरी बघून चढा," ते म्हणाले. "मीच बांधलीया, पण माझा काय भरवसा धरू नगा."

मला राग आला होता. वडील मात्र एस.टी.त चढताना खूश होते. माणूस विचित्र आहे, पण तुझ्या खोलीत चोर शिरायचा नाही, एवढंच ते म्हणाले. पुढची चार वर्षं मी त्या पायऱ्या चढले-उतरले. त्यातली एकही कधी हलली नाही, तरी दर पावसाळ्यानंतर चाचा हातोडी घेऊन एकेक पायरी ठोकून बघायचे आणि आवाज ऐकायचे.

उंच, काटकुळा माणूस. पांढरी विजार, वर खाकी शर्ट, खिशाला टेस्टर. डोळे बारीक करून बघायची सवय, त्यामुळे समोरच्याला उगाच वाटायचं की आपलं काहीतरी चुकलंय. पोस्टमन, दूधवाला, शाळेचा शिपाई, मी, सगळे त्यांच्यासमोर जरा अंग चोरूनच उभे राहत असू. गिऱ्हाईक मोटर घेऊन आलं की काय झालंय ते सांगायला लागायचं. चाचा सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "तुमचं ऐकलं. आता मोटर काय म्हणती ते बघू." बऱ्याचदा मोटर वेगळंच काहीतरी म्हणायची. ती विहिरीत पडली होती आणि मालक ते लपवत होता, असं निघायचं. मग चाचा मालकाकडे फक्त एकदा बघायचे.

दुकानात दोन कॅलेंडरं होती, दोन वेगवेगळ्या दुकानांनी दिलेली. नवं वर्ष लागलं की ते बारा महिन्यांचे वार एकमेकांशी ताडून बघायचे. मी हसून विचारलं, वार कसा चुकेल हो? तर म्हणाले, छापणारा बी माणूसच हाय की. भाजी घेताना ढिगाच्या तळातली उचलायचे. ईदचा चंद्र साऱ्या गावाला दिसला, तरी स्वतः गच्चीवर जायचे. आभाळ भरलेलं असलं तर नुसतेच उभे राहून खाली यायचे आणि चाचीला म्हणायचे की बाकीच्यांना दिसलाय, म्हणजे असंल. बाहेरचा चहा ते घेत नसत, दुधाचा संशय म्हणून. आणि एस.टी. वेळेवर आली की दिवसभर अस्वस्थ असायचे. कायतरी गडबड हाय आज, असं पुटपुटत राहायचे.

या माणसाचा मला वैताग यायचा हे कबूल करते. माझ्याकडे आलेल्या मैत्रिणींना ते दारातच विचारायचे, कुणाकडं, कशाला, कवा जाणार. एकदा मी चांगलीच भांडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न विचारले, फक्त आवाज खाली आणून.

पण एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. त्यांचा संशय सगळ्यांवर असायचा, आणि त्यात त्यांचा स्वतःचा नंबर पहिला असायचा. माणमधल्या एका शेतकऱ्याची मोटर त्यांनी बांधून दिली होती. दहिवडीच्या पलीकडची कोरडवाहू वस्ती, विहिरीला पाणी बेताचंच. ती मोटर महिन्यात जळली. पुन्हा बांधली, पुन्हा जळली. तिसऱ्यांदा तो माणूस आला तेव्हा तोंडावर बोलून गेला की मिस्त्रीचा हात गेला. दुसरा कुणी असता तर त्याच्या विजेला, त्याच्या विहिरीला नावं ठेवून मोकळा झाला असता. चाचांनी स्वतः बांधलेली तार पुन्हा एकेक वेढा मोजत सोडली. त्यात चूक सापडली नाही. तरी समाधान होईना, म्हणून मोटर घेऊन ते एस.टी.नं दहिवडीकडं गेले आणि दिवसभर त्या विहिरीवर बसून राहिले. संध्याकाळच्या सुमारास त्यांना दिसलं की एक कुंभारीण माशी चिखलाची गोळी घेऊन स्टार्टरच्या डब्याच्या भोकातून आत शिरतेय. डबा उघडला तर आत मातीची घरटी. त्यात वीज जोडणारे-तोडणारे स्टार्टरचे पॉइंट अडकत होते आणि मोटर बंद व्हायला हवी तेव्हा बंद न होता जळत होती.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यात जिंकल्याचा आनंद अजिबात नव्हता. दोनदा मोटर दिली तवा मी तिथं गेलो न्हाई, हे चुकलं, एवढंच म्हणाले. तेव्हापासून मला त्यांचा राग यायचा तो जरा कमी झाला.

तातोबा भोई त्यांच्या आयुष्यात आला तो एका लूनावर मागं बसून. म्हणजे गावातलाच होता, चाचांच्याच वयाचा, लहानपणापासून ओळखीचा. पण दुकानात काम घेऊन पहिल्यांदाच आला. पुतण्या लूना चालवत होता आणि दोघांच्या मधे एक लांबडं खोकं होतं. तातोबा हा एकेकाळी कृष्णेवरच्या होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारणारा गडी. खांदे अजून तसेच रुंद होते. वर्षापूर्वी त्याला लकवा मारला. पाय बराचसा सुधारला, डावा हात मात्र अर्धाच आला. दोन्ही हातांनी वल्हं मारणं संपलं. त्याची मासेमारीची होडी म्हणजे शर्यतीतून बाद झालेली एक जुनी, अरुंद, लांब होडी होती, एका माणसानं बसून जाळं टाकावं अशी. ती वर्षभर घाटावर पालथी पडून होती. त्याची बायको हौसाबाई दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत मजुरीला जायला लागली होती आणि हा दिवसभर बाळूच्या चहाच्या हॉटेलात बाकड्यावर बसलेला असायचा.

पुतण्या जहाजावर नोकरीला होता. त्यानं परदेशातून खोक्यात घालून एक मोटर आणली होती. मी वरून उतरत होते, म्हणून मलाही बघायला मिळाली. हातभर लांब दांडी, खाली पाण्यात बुडणारा छोटा पंखा, वर फिरवायला मूठ आणि होडीच्या काठाला आवळायला शिकंजा. बॅटरीवर चालायची, आवाज जवळजवळ नाही. तिकडचे लोक छोट्या होड्यांना लावून मासे धरतात म्हणे. सोबत इंग्रजी पुस्तिका होती आणि तिच्यात टोपी घातलेले गोरे लोक हसत मासे दाखवत होते.

तातोबाचं म्हणणं सरळ होतं. शिकंजा होडीच्या काठाला बसत नव्हता, तेवढी लोखंडी बैठक करून द्यायची आणि मोटर डाव्या कुशीला बसवायची. उजवा हात जाळ्याला मोकळा पाहिजे, आणि नुसती मूठ धरायला डावा हात पुरेसा आहे. "घरात मी उचलून ठिवायची वस्तू झालोय, दस्तगीर," तो म्हणाला. "येवडी बसवून दे. मला एकट्याला नदीवर जाऊ दे."

चाचांनी मोटर हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, डाव्याच बाजूला का?

तातोबानं पुन्हा तेच कारण सांगितलं. चाचा बराच वेळ त्याच्याकडं डोळे बारीक करून बघत राहिले. मग म्हणाले, ठिवून जा.

तातोबा गेल्यावर त्यांनी मला बोलावून पुस्तिका वाचायला लावली. मी वाचून सांगितलं की मोटर तीन ठिकाणी बसवता येते, नाकावर, कुशीला किंवा मागे शेपटीला, आणि प्रत्येकाचे काय फायदे-तोटे आहेत. त्यांनी मान डोलावली. नंतर मला कळलं की तीच पुस्तिका त्यांनी शाळेतल्या इंग्रजीच्या सरांकडून आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरकडूनही वाचून घेतली होती, तिघांनाही एकमेकांजवळ बोलायचं नाही अशी ताकीद देऊन. मी विचारलं, जुळलं का सगळं? जुळलं, म्हणाले, पण ह्यो कागद लिवणाऱ्यानं आपली नदी बघितली न्हाई.

त्या रविवारी ते होडी सुलटी करून घाटावर गुडघाभर पाण्यात उतरले. मी काठावर उभी होते, एक तर उत्सुकता म्हणून आणि एक तर कपडे धुवायला आले होते म्हणून. त्यांनी आधी होडीच्या नाकाला दोर बांधून ती ओढत नेली. ती शहाण्या गायीसारखी मागोमाग आली. मग शेपटीला बांबू लावून पुढं ढकलली, तर नाक कधी इकडं, कधी तिकडं जायला लागलं आणि त्यांना सारखा बांबू हलवावा लागला. मग डाव्या कुशीला मध्यावर दोर बांधून ओढली, तर होडी नाक उजवीकडं वळवत गोल फिरायला लागली. उजव्या कुशीला बांधली तर नेमकी डावीकडं. हे त्यांनी एकदा नाही, चार-पाच वेळा केलं. विजार कंबरेपर्यंत भिजली. काठावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

माझ्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता. नाकावर बसवा, सरळ जाते. मी तसं म्हटलंही. चाचा म्हणाले, होडीचं कळलं, बाई. माणसाचं अजून कळलं न्हाई.

आणि तिथून पुढं काही घडेचना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मोटर दुकानात फळीवर फडक्यात गुंडाळून पडलेली. तातोबा रोज येऊन विचारायचा, चाचा रोज म्हणायचे, बघतोय. पुतण्या जहाजावर परत गेला. गावात कुजबुज सुरू झाली की मिस्त्रीची त्या मोटरीवर नजर आहे. आतली तार परदेशी आहे, ती काढून घेणार आणि आपली भरणार, असं कुणी तरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. एके दिवशी तातोबा दुकानासमोर उभा राहून चार लोकांत बोलला, "तुला द्यायची नसंल तर तसं सांग. लाटायची आसंल तरी तसं सांग." चाचांनी हातातल्या कामावरून मानही वर केली नाही.

खरं सांगायचं तर मलाही संशय यायला लागला होता. त्या घरात राहून तो मला लागलाच असावा. कारण मी एक विचित्र गोष्ट बघत होते. बाहेरच्या चहाला कधी तोंड न लावणारे चाचा रोज दुपारी बाळूच्या हॉटेलात जाऊन बसायला लागले होते. तातोबाच्या समोरच्या बाकड्यावर. चहा मागवायचे, तो निवू द्यायचे, आणि तातोबाकडे बघत राहायचे. पोलिसानं चोरावर ठेवावी तशी पाळत. मला ते फार लागलं. आजारी माणूस, त्याची वस्तू अडकवून ठेवायची आणि वर त्याच्यावर नजर ठेवायची, हे मला सहन झालं नाही. एका दुपारी शाळा सुटल्यावर मी तडक हॉटेलात गेले, चारचौघांत त्यांना बोलायचं ठरवूनच.

तिथं आधीच भांडण चाललं होतं. तातोबा आणि बाळू. तातोबाचं रोजचंच गाऱ्हाणं होतं की बाळू त्याला भजी कमी देतो. आजारी माणूस काय बोलणार नाही म्हणून अर्धीच बशी भरतो. बाळू देवाची शपथ घेऊन सांगत होता की मोजून आठ घातली. लोक हसत होते. तातोबा आजारपणापासून भांडखोर झालाय हे आता सगळ्यांनी मान्य केलं होतं. कपड्यांत, दाढीत लक्ष नसतं त्याचं, असंही म्हणायचे. त्या दिवशीसुद्धा त्याच्या उजव्या गालावर गुळगुळीत दाढी होती आणि डाव्या गालावर चार दिवसांचे खुंट.

चाचांनी मला हातानं थांबवलं. त्यांची नजर तातोबाच्या बशीवर होती. मीही बघितलं. बशीत उजवीकडचा अर्धा भाग रिकामा होता आणि डावीकडं चार भजी तशीच होती. त्याच्या नाकासमोर. तो त्या बशीकडे बोट दाखवून बाळूला विचारत होता की बघ, कुठं आहेत आठ?

चाचा उठले. काही न बोलता त्यांनी ती बशी बाकड्यावर अर्धी फिरवली. डावीकडची भजी उजवीकडं आली.

तातोबानं खाली बघितलं. "आता ही कुठनं आली?" तो म्हणाला, आणि बाळूकडं अशा नजरेनं बघितलं की यानंच काहीतरी हातचलाखी केली. मग त्यानं ती चारही खाल्ली.

हॉटेलात कुणाला काही कळलं नाही. चाचांना बोलायचं ठरवून आले होते, ते मी विसरूनच गेले. चाचा बाहेर आले, मी त्यांच्या मागोमाग. रस्त्यात उभे राहून त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमी विज्ञानाच्या. डोळ्याला दिसतंय पण माणसाला दिसत न्हाई, आसं आसतंय का?"

मला माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. चाचा म्हणाले, गेले पंधरा दिवस बघतोय. डावीकडं ठेवलेला चहाचा गिलास हा उचलत नाही. डावीकडून कुणी रामराम घातला तर उत्तर देत नाही, लोकांना वाटतं गर्व आला. पहिल्या दिवशी मोटर डाव्या कुशीला मागितली तेव्हाच पाल चुकचुकली होती. त्या हातावर ज्याचा एवढा विश्वास, तो माणूस खोकं उचलताना तो हात पुढं का करत नाही?

शनिवारी चाचा आणि मी मिरजेला एका डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की हो, लकव्यानंतर काहींचं असं होतं. नजर शाबूत असते, पण डावीकडचं जगच माणसाच्या ध्यानातून निघून जातं. आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःला ते कळत नाही. काहींचं सुधारतं, काहींचं राहतं. चाचांनी आभार मानले आणि बाहेर पडून मला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनीही तेच सांगितलं. परतीच्या एस.टी.त ते खिडकीबाहेर बघत बसले होते. 

सांगली मागं पडल्यावर म्हणाले, डाव्या कुशीला बसवली आसती तर पंख्यात जाळं गुतलं तरी त्याला कळलं नसतं.

त्यांनी तातोबाला सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, माझ्यासमोर, दुकानात बसवून. तातोबा हसला. डावा हात जमेल तेवढा वर केला, त्याकडे बघितलं आणि म्हणाला की हा काय, दिसतोय की. मुद्दाम बघायला सांगितलं की त्याला दिसायचंच, हीच तर गंमत होती. चाचांनी भज्यांची आठवण दिली. तातोबाचा चेहरा बदलला. "शर्यतीत पुढची होडी नजरंनं मापणारा माणूस हाय मी," तो म्हणाला. "तू मला डावं-उजवं शिकवतोस? मोटर न्हाई बसवायची म्हणून डॉक्टर आडवा घालतोयस व्हय रं?" आता संशय घ्यायची पाळी त्याची होती, आणि त्यात तो चाचांना हार जाणार नव्हता.

त्याला मोटर परत दिली तर तो दुसऱ्या कुणाकडून डाव्या कुशीला बसवून घेणार, हे उघड होतं. नाही दिली तर त्याच्या वस्तूवर डल्ला मारल्यासारखं. चाचांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी लोखंडी पट्टी तापवायला घेतली. मोटर नाकावर बसणार होती. शेपटीला बसवली तर मुठीसाठी सारखं मागं वळायला लागलं असतं, उजव्या कुशीला बसवली तर होडी सारखी डावीकडं, म्हणजे त्याला नसलेल्या जगात गेली असती. नाकावर बसवून त्याची बसायची फळी पुढं सरकवली की मोटर त्याच्या डोळ्यासमोर, मूठ उजव्या हाताखाली, आणि होडी सरळ ओढली जाणार. जाळं मोटर थांबवून मागून सोडायचं, म्हणजे पंख्यापासून लांब. होडीचं नाक नाजूक होतं, त्याला त्यांनी आतून पट्टीचा आधार दिला. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी मागच्या फळीखाली ठेवली.

त्या मागच्या फळीचं काम ते करत होते तेव्हा मी घाटावर उभी होते. फळी होडीच्या कडांवर नुसती ठेवलेली नव्हती. तिच्याखाली सायकलच्या सीटची स्प्रिंग होती आणि स्प्रिंगखाली जुन्या स्टार्टरचे पॉइंट, रबरी नळीत गुंडाळलेले. फळीवर वजन आलं की पॉइंट जुळणार, वजन उठलं की सुटणार, असा खटका. बॅटरीतून मोटरीला जाणारी तार त्यातूनच नेली होती. मला उलगडायला थोडा वेळ लागला. मागं कुणी बसलं नाही तर मोटर चालणारच नव्हती.

"ही फसवणूक आहे, चाचा," मी म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले. "फसवणूकच हाय." आणि स्क्रू आवळत राहिले.

पहिल्या दिवशी घाटावर निम्मं गाव जमलं. तातोबा पुढच्या फळीवर बसला, मूठ फिरवली, पंखा हलेना. लोक हसायला लागले. चाचांनी खाली वाकून काहीतरी बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले की पुढं मोटरीचं वजन, मागं हलकं पडतंय, नाक दबलंय. मागं कुणीतरी बसल्याशिवाय व्हायचं न्हाई. हौसाबाई त्या दिवशी कामावर गेली नव्हती. ती पदर खोचून मागं बसली. तातोबानं मूठ फिरवली आणि होडी काठापासून सुटली. पाण्यावर रेघ ओढल्यासारखी सरळ गेली. हौसाबाई मधून मधून काहीतरी सांगत होती, डावीकडं बाभळ हाय, डावीकडं धोंडा हाय, आणि तातोबा वैतागून मान डोलावत होता. चाचांनी तेव्हा माझ्याकडं बघितलं नाही. मला त्यांचं कौतुक वाटत होतं आणि तेवढंच वाईटही वाटत होतं, कारण त्या माणसानं एवढंच मागितलं होतं की मला एकट्याला जाऊ दे.

तीनेक आठवडे गेले. हौसाबाई बागेतली मजुरी सोडून रोज होडीत बसत होती. मासे मिळत होते. तातोबाची दाढी आता दोन्ही गालांवर सारखी असायची, ती हौसाबाई करून देत असे. मग एका सकाळी, मी शाळेला निघाले होते तेव्हा, तातोबा दुकानात आला आणि चाचांच्या समोरच्या स्टुलावर बसला. मी किल्ली द्यायला थांबले होते. त्याला माझ्या असण्याचं काही वाटलं नाही. मी त्याच्या डावीकडं उभी होते, कदाचित त्यामुळंच.

तो म्हणाला, "दुसऱ्याच दिवशी मी मागच्या फळीवर धोंडा ठिवला. मोटर चालली."

चाचांच्या हातातली तार थांबली.

पुढचं तातोबानं सपाट आवाजात सांगितलं. त्याला पहिल्या दिवशीच संशय आला होता. आयुष्य होडीत गेलेल्या माणसाला वजनाचं काय सांगायचं? हौसानं तेव्हा अजून मजुरी सोडली नव्हती; ती कामावर गेल्यावर तो धोंडा ठेवून एकटाच निघाला. वर्षभरानं नदी त्याची एकट्याची होती. त्याला फार बरं वाटलं, इतकं की तो ओरडून गाणं म्हणत होता. परतताना खालच्या घाटाशी आला. तिथं पोरी गुडघाभर पाण्यात धुणं धूत होत्या. त्या किंचाळल्या तेव्हा त्याला आवाज कळला, पण कुठून येतोय ते कळेना. तो उजवीकडं बघत राहिला. होडीचं नाक एका पोरीच्या अगदी जवळून गेलं. ती मागं पडली म्हणून वाचली, तिचं धुणं पंख्यात गुतलं आणि मोटर थांबली.

"त्या तिथंच हुत्या, दस्तगीर," तो म्हणाला. "सगळ्यांना हुत्या. मला नव्हत्या." धोंडा त्यानं तिथंच पाण्यात टाकला होता आणि होडी दोरानं ओढत काठाकाठानं घरी आणली होती. हौसाबाईला काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती मागं बसली, त्यानंतर रोज बसली, आणि खटक्याचं आपल्याला कळलंय हे त्यानं कुणाला दाखवलं नाही.

चाचांसारख्या माणसाला आपला संशय खरा ठरल्याचं समाधान वाटायला हवं होतं. मला त्यांच्या चेहऱ्यावर फक्त शरम दिसली.

"तो खटका काढून टाक," तातोबा म्हणाला. "हौसा बसंल. पण माझ्या म्हणण्यानं बसू दे. तुझ्या खटक्यानं नगं."

मी शाळेला उशिरा गेले त्या दिवशी, चार वर्षांत पहिल्यांदा. आम्ही तिघं घाटावर गेलो. चाचांनी मागची फळी उचलली, स्प्रिंग काढली, पॉइंट काढले, तारेची दोन टोकं सरळ जोडून वर रबर गुंडाळला. आता होडी कुणालाही, एकट्यालासुद्धा घेऊन गेली असती. तातोबा पुढच्या फळीवर जाऊन बसला. त्यानं एकदा मूठ फिरवून बघितली, मागं कुणीही नसताना. पंखा फिरला. त्यानं मूठ परत बंद केली, मान पूर्ण डावीकडं वळवून, मुद्दाम, प्रयत्नानं काठाकडं बघितलं आणि तिथं जाळं घेऊन थांबलेल्या हौसाबाईला हाक मारली.

"ये गं. बस मागं."

ती येऊन बसली. होडी सुटली आणि सरळ रेषेत मधल्या धारेकडं गेली.

त्यानंतर महिन्याभरात माझी बदली झाली, मी कोरेगावला परत आले. निघताना चाचांचा निरोप घेतला असणारच, पण तो मला आठवत नाही. मला आठवतात ते त्या सकाळचे चाचा. काठावर उभे, खिशाला टेस्टर, डोळे बारीक केलेले, होडी वळणाआड जाईपर्यंत तसूभरही न हललेले. मी म्हटलं, चला आता, बसली की हो ती, आपण डोळ्यांनी बघितलं.

"जाताना बसली," चाचा म्हणाले. "येताना बसून येती का बघू." आणि ते घाटाच्या पायरीवर बसले.